सातवीच्या वर्गातील मध्ययुग : कॅलिफोर्नियाच्या अभ्यासक्रमाचा विचार

अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार संघराज्य शासनाकडे नसून घटक राज्यांकडे आहे. त्यामुळे मध्ययुगीन जगाचा इतिहास कोणत्या वयात व किती शिकवावा, याविषयी तेथे एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियाने मात्र १९८७ च्या आराखड्यात या विषयासाठी सातवीचे संपूर्ण वर्ष राखून ठेवले. सहावीत प्राचीन जग, सातवीत मध्ययुगीन व आरंभीचे आधुनिक जग आणि आठवीत स्वदेशाचा इतिहास, असा हा क्रम आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी हे धाडसच म्हणावे लागेल.

१९९८ साली राज्य शिक्षण मंडळाने आशयाची मानके निश्चित केली. सातवीच्या वाट्याला अकरा मानके आली. रोमचा ऱ्हास, इस्लामी संस्कृती, चीन, घाना व माली, जपान, युरोप, मेसो-अमेरिका व अँडीज आणि पुढे युरोपीय प्रबोधनापासून ज्ञानोदयापर्यंतचे टप्पे त्यांत आहेत. शाळेचे दिवस १८० धरले, तर प्रत्येक मानकास जेमतेम तीन आठवडे मिळतात. सुंग काळातील चीन, म्हणजे कागदी चलन व सुट्या खिळ्यांचे मुद्रण यांचा काळ, एवढ्या अवधीत नावांच्या यादीपलीकडे जाणे कठीणच. त्यातून २००३ ते २०१३ या काळात आठवीच्या अखेरीस तिन्ही वर्षांच्या अभ्यासावर एकच बहुपर्यायी परीक्षा होती. अशा परीक्षेमुळे पाठांतराला बळ मिळणे स्वाभाविक होते.

या मानकांतील ठळक उणीव म्हणजे भारताची अनुपस्थिती. सहावीत वैदिक काळ, बुद्ध, अशोक व गुप्त येतात. सातवीत भारतासाठी स्वतंत्र मानकच नाही. गुप्तांनंतर या भूमीत काही घडलेच नाही, असा समज मुलांचा झाल्यास दोष त्यांचा नव्हे. (२००५-०६ साली पाठ्यपुस्तकांतील भारताच्या चित्रणावरून गाजलेला वाद सहावीच्या पुस्तकांपुरताच राहिला, सातवीतील या पोकळीची चर्चा त्या मानाने झाली नाही.)

दुसरी अडचण मांडणीची होती. प्रत्येक संस्कृती वेगळ्या प्रकरणात बंदिस्त झाल्याने त्यांचे परस्परसंबंध दिसेनासे झाले. २०१६ च्या आराखड्याने मानके कायम ठेवूनच यावर तोड काढली. सिसिली, कैरो, च्वानचौ, कालिकत यांसारखी भिन्न समाज एकत्र येण्याची स्थळे अध्यापनाचा आधार ठरली. भारतालाही आराखड्यात जागा मिळाली.

या पद्धतीचे बळ एका उदाहरणावरून कळते. १३७५ च्या कॅटलान नकाशासंग्रहात सहाराच्या दक्षिणेस मुकुटधारी राजा हाती सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दिसतो. तो मालीचा मन्सा मुसा. हा नकाशा मायोर्का बेटावरील यहुदी नकाशाकार क्रेस्केस अब्राहम याचा मानला जातो. भूमध्य समुद्रातील बेटावरच्या माणसास वाळवंटापलीकडील राजा कसा ठाऊक झाला, हा प्रश्न शिक्षकाने विचारावा आणि थांबावे. उत्तर शोधताना मुले १३२४ च्या हजयात्रेपर्यंत पोहोचतात. त्या वेळी मुसाने कैरोत इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव उतरला, असे अल-उमरी सांगतो. पुढे सोन्यामिठाचा व्यापार, उंटांचे तांडे, उत्तर आफ्रिकेतील यहुदी व मुस्लिम व्यापारी ओघानेच येतात. राजांची वंशावळ पाठ करून यातले काही हाती लागले नसते.

इब्न बतूताचा प्रवासवृत्तांतही असाच उपयोगी आहे. १३२५ साली तंजियरहून निघालेला हा प्रवासी दिल्लीत काझी झाला, कालिकतला गेला आणि १३५२-५३ मध्ये मालीतही राहिला. अर्थात त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानता येत नाही. चीनच्या प्रवासाबाबत अभ्यासकांना शंका आहेत. पण साधनाची पारख करण्याचा पहिला धडा म्हणून ती शंकाही वर्गात आणता येते. याच वृत्तांतात दौलताबादचे व तेथील मराठ्यांचे वर्णन आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना आपला प्रदेश मध्ययुगीन जगाच्या नकाशावर दाखवायचा, तर मानकांत नसलेले हे पान शिक्षकाला स्वतःहून उघडावे लागते.