क्रिस्को म्हणजे काय?

आधी एक छोटी परीक्षा देऊन बघा. 'क्रिस्को' म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? आणि क्रिस्टी मॅथ्यूसन कोण: लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट? गूगल करायचं नाही हं!

नाही आलं? काही बिघडत नाही. पण १९१७ साली अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला असतात, तर इथे तुमचे दोन गुण गेले असते. आणि ते सामान्य ज्ञानाचे नव्हे, बुद्धीचे मोजले गेले असते.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुण भरती होत होते. कुणाला अधिकारी करायचं, कुणाला साधं काम द्यायचं, हे ठरवायला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचण्या बनवल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा'. सुमारे १७ लाख जणांनी त्या दिल्या. अल्फाचे आठ भाग होते आणि आठवा भाग म्हणजे चक्क सामान्य ज्ञान. वरचे दोन्ही प्रश्न तिथलेच. (क्रिस्को म्हणजे आपल्या डालड्याचा अमेरिकी भाऊबंद आणि मॅथ्यूसन बेसबॉलपटू.)

बीटामध्ये भाषा नव्हती, म्हणजे ती सगळ्यांना सारखी असायला हवी, नाही का? पण त्यात अपुरं चित्र पूर्ण करायचं होतं. एका चित्रात टेनिस कोर्ट आहे आणि जाळी गायब आहे. ज्याने जन्मात टेनिस पाहिलं नाही, तो तिथे काय काढणार?

आता खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा. युद्ध संपल्यावर या गुणांचे तक्ते झाले. इटली, पोलंड, रशिया इथून आलेल्यांची सरासरी कमी आली. पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेत येऊन जितकी जास्त वर्षं झालेली, तितके गुण जास्त. वीस वर्षं राहिलेल्यांचे गुण तर जवळपास अमेरिकेत जन्मलेल्यांइतके.

तुम्ही यातून काय निष्कर्ष काढाल? साधा अर्थ असा की चाचणी अमेरिकेची ओळख मोजते आहे. जितकं राहाल, तितकं कळेल. पण प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी १९२३ च्या पुस्तकात उलटा अर्थ लावला: अलीकडे येणारे लोक मुळातच कमी बुद्धीचे आहेत, म्हणून त्यांचे गुण कमी!

संशोधनात हा सापळा कायम असतो. 'किती वर्षं झाली' आणि 'कोणत्या साली आला' या दोन गोष्टी एकाच तक्त्यात अशा गुंतलेल्या असतात की एकदाच घेतलेल्या चाचणीवरून त्या सुटत नाहीत. त्यासाठी त्याच माणसांना दहा वर्षांनी पुन्हा बसवावं लागतं. ते न करता आपल्याला सोयीचा अर्थ निवडला, तर तक्ता फक्त आपल्या पूर्वग्रहाला सही देतो.

१९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कडक कायदा केला. प्रत्येक देशाचा कोटा १८९० च्या जनगणनेवरून ठरला. दक्षिण आणि पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने माणसं आली ती बहुतेक त्यानंतर, त्यामुळे त्यांचीच दारं जवळपास बंद झाली. हा कायदा चाचण्यांमुळेच झाला, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. द्वेष आधीपासून होताच. त्याला विज्ञानाचा सदरा मिळाला, इतकंच. १९३० मध्ये स्वतः ब्रिगम यांनी लिहिलं की अशा चाचण्यांवरून देशादेशांची तुलना होऊ शकत नाही आणि आपला अभ्यास निराधार होता. कायदा मात्र तसाच राहिला.

त्याच काळात, १९२१ मध्ये, थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्या पदवीधरांना दीडशेच्या आसपास प्रश्न विचारत होते. व्होल्गा नदी कुठे आहे, लॉगॅरिथम कुणी शोधले, असले. प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि देशभर चर्चा झाली. आइन्स्टाइन तेव्हा अमेरिकेत होते. बॉस्टनमध्ये त्यांना ध्वनीचा वेग विचारला, तर ते म्हणाले की तो मला पाठ नाही, पुस्तकात मिळतो.

म्हणून सामान्य ज्ञान निरुपयोगी, असं मला म्हणायचं नाही. जगाचा नकाशा डोक्यात असलेला माणूस बातमी जास्त नीट वाचतो. पण परीक्षेच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. तीच परीक्षा पुन्हा दिली तर साधारण तेवढेच गुण पडणं ही झाली विश्वसनीयता. जे मोजतो म्हणतो तेच मोजणं ही झाली सप्रमाणता. वजनकाटा दर वेळी तोच आकडा दाखवेल, पण त्यावरून उंची सांगायला गेलात तर दोष काट्याचा नाही.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे लाखो जण आहेत. पुढच्या वेळी कुणाला सोपा प्रश्न आला नाही आणि 'एवढंही माहीत नाही?' असं तोंडावर आलं, तर एक क्षण थांबा आणि विचारा: हे ज्ञान सामान्य आहे खरं, पण नक्की कुणाच्या घरात?