बाळाची हगवण आणि निबर जंतू

भगिनींनो, स्मरणिकेसाठी पाककृती व ओव्या देणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी हगवणीचा इतिहास लिहिते आहे. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. वाचले, समजले तेवढे सांगते. विषय ओंगळ म्हणून नाक मुरडू नये. शिवनेला गढूळ पाणी आले की तान्ह्या मुलाच्या घरी हा विषय दाराशी उभाच असतो.

रक्ती आवेचा जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात आवेवर सल्फाच्या गोळ्या सर्रास दिल्या गेल्या आणि थोड्याच वर्षांत जंतू त्यांना दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिनसारखी नवी औषधे आली. परंतु १९५५ च्या सुमारास चार-चार औषधांना एकदम न जुमानणारे जंतू सापडू लागले. एकाची सवय झाली म्हणावे, पण चारांची एकाच वेळी कशी? १९५९ साली ओचिआई व अकिबा या संशोधकांनी उलगडा केला. आतड्यात नेहमी राहणारा साधा जंतू आपली टिकून राहण्याची कला आवेच्या जंतूला देतो. शेजारणीकडून विरजण न्यावे तशी!

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगसाहेबांनी १९४५ सालीच नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनानेच अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, निबर होतात. तेच बायकोला लागतात, तिला औषध चालत नाही व ती दगावते. औषध घेतले नवऱ्याने, गेली बायको! मला तरी ही गोष्ट फार खरी वाटते.

आपल्याकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन होऊ लागले. हे उपकार लहान नव्हेत. पण औषध हाताशी आले, तशी विचारल्यावाचून गोळ्या आणण्याची रीतही पडली. १९८४ साली बंगालमध्ये रक्ती आवेची मोठी साथ आली, तेव्हा नेहमीची बहुतेक औषधे लागू पडली नाहीत. नॅलिडिक्सिक ॲसिड तेवढे चालले. पुढे जंतू त्यालाही पुरून उरले. २००२ मध्ये उत्तर बंगालात सिप्रोफ्लॉक्सॅसिनही हरले.

शौचात रक्त दिसले तर डॉक्टरांनी दिलेले औषध हवेच, आणि तेव्हाच ते चालले पाहिजे. पण लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात. त्यांवर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. आपल्यातही "त्या दोन गोळ्या द्या" म्हणून दुकानात चिमुरड्याला पिटाळणाऱ्या आया आहेतच. २०१६ पासून अशा गोळ्यांच्या पाकिटावरील उभी तांबडी रेघ ओळखावी, असे सरकार सांगत आले आहे. ती रेघ आपल्यापैकी कितीजणींनी पाहिली?

जुलाबाने मूल मरते ते अंगातील पाणी व मीठ गेल्याने. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातलगांच्या हातूनच रोग्यांना पाजविले. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यू चाराच्याही खाली आले. त्या पाजणाऱ्यांत कितीतरी आयाच असतील. तीच पुडी आज आशाताईंकडे मिळते: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पूर्ण पुडी, चमच्याचमच्याने, अंगावरचे दूध न तोडता, आणि सोबत डॉक्टर सांगतील तशी जस्ताची गोळी चौदा दिवस.