दोन मेगाबिटची मोळी : राउटरच्या निवडीचा एक छोटा इतिहास

प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण कायदे, आयोग आणि समित्या यांची नोंद घेतो. कचेरीच्या कोपऱ्यातील लोखंडी रॅकमध्ये बसवलेल्या यंत्राची घेत नाही. वस्तुतः २००५ नंतरच्या दशकात अनेक जिल्हा कचेऱ्यांचे काम ज्या गतीने चालले किंवा अडले, त्यात राउटर नावाच्या पेटीचा वाटा मोठा होता.

थोडी पार्श्वभूमी पाहू. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले आणि पुढील दशकाच्या उत्तरार्धात त्याचे जाळे उपग्रहामार्फत जिल्ह्यांपर्यंत जाऊ लागले. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मार्च २००५ मध्ये केंद्राने ३,३३४ कोटी रुपयांची ‘स्वान’ योजना मंजूर केली. राज्याच्या राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि तेथून ब्लॉकपर्यंत किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी द्यायची, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना ब्लॉक, मंडल, प्रखंड हे शब्द परिचयाचे असतीलच.

हा २ मेगाबिटचा आकडा टेलिफोनकडून आला. एका आवाजाला ६४ किलोबिट, असे ३२ कप्पे मिळून २.०४८ मेगाबिटची ‘ई-वन’ लाइन होते. त्यावरची सर्वसाधारण पायरी एकदम ३४ मेगाबिटची. जिल्ह्याची गरज ६ किंवा ८ मेगाबिट झाली, तर मोठ्या पायरीचा खर्च झेपत नसे आणि पुष्कळ ठिकाणी ती उपलब्धही नसे. म्हणून दोन-चार लहान लीज्ड लाइनी घेऊन त्यांची मोळी बांधण्याचा मार्ग पुढे आला. त्यासाठीची ‘मल्टिलिंक पीपीपी’ ही पद्धत १९९४ मध्ये प्रमाणित झाली व १९९६ मध्ये सुधारली गेली.

मोळी बांधण्याचे काम राउटरचे. मल्टिलिंक पद्धतीत माहितीचे तुकडे करून, त्यांना क्रमांक देऊन, ते सर्व लाइनींवर वाटले जातात; पलीकडचा राउटर ते क्रमाने पुन्हा जोडतो. एकच मोठी फाइलसुद्धा चारही लाइनींचा लाभ घेते. मात्र एक लाइन मंद असेल तर सर्वांना तिच्यासाठी थांबावे लागते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत एका दिशेला जवळजवळ पाव सेकंद लागतो. त्यामुळे उपग्रहाची आणि जमिनीवरची लाइन एका मोळीत नांदत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक संभाषण एकाच लाइनीवरून जाते. प्रोसेसरवर भार कमी पडतो, पण एका फाइलीला २ मेगाबिटपेक्षा अधिक गती मिळत नाही.

आता खरेदीचा प्रश्न. माहितीपत्रकातील गती बहुधा १,५०० बाइटच्या मोठ्या पॅकेटांवर मोजलेली असते. २ मेगाबिटच्या लाइनीत अशी पॅकेटे सेकंदाला सुमारे १७० मावतात. ६४ बाइटची लहान पॅकेटे मात्र सुमारे ४,०००. चार लाइनींसाठी हा आकडा एका दिशेला १६,००० होतो. त्यावर सांकेतिकीकरण आणि तुकडे जोडण्याचे काम आले, की प्रोसेसर आधी थकतो, लाइन नंतर भरते. म्हणून पोर्ट किती, एवढेच न विचारता सर्व सेवा चालू असताना लहान पॅकेटांवर गती किती, हे विचारायला हवे. दुसरे, एखाद्या कंपनीची खास पद्धत घेतली तर दुसऱ्या टोकालाही कायम तिचाच राउटर घ्यावा लागतो. २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १३७ सांगत असे, की विनिर्देश गरजेनुसार स्पष्ट असावेत आणि त्यांत अनावश्यक गोष्टी नसाव्यात. गरजच लिहिली नसेल, तर सर्वांत कमी दराची निविदा स्वस्त ठरते की नुसती अपुरी, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

तरीही एक गोष्ट कोणताही राउटर देऊ शकत नाही. एका राज्यात मी अशी कचेरी पाहिली, जिथे चार लाइनी, उत्तम राउटर आणि दुहेरी वीजपुरवठा होता. पण चारही तारा एकाच चरातून येत होत्या. रस्ता रुंद करताना एक फावडे लागले आणि दोन दिवस दाखले निघाले नाहीत. मजुरी बुडवून आलेली माणसे हात हलवत परत गेली. कागदोपत्री क्षमता ८ मेगाबिट होती. सातत्य एका चराएवढेच होते.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली आणि ‘ई-वन’चे महत्त्व ओसरले. आज फायबर व मोबाइल जोडण्या एकत्र बांधणाऱ्या नव्या पेट्या विकत घेतल्या जातात. त्यांच्या निविदेतही जुनेच प्रश्न लिहावे लागतील : आपल्याला गती हवी की सातत्य, दोन्ही टोके एकमेकांना ओळखतात का, आणि तारा खरोखर वेगळ्या वाटांनी येतात का? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याने एकदा चरापर्यंत चालत जावे लागते.