बाळ जन्मताच रडले नाही : नवजात बाळाच्या मेंदूची इजा आणि नुकसानभरपाईचा दावा

‘बाळ उशिरा रडलं होतं’ हे वाक्य मला सारंगखेड्याच्या दवाखान्यात बहुतेक वेळा बाळ सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर ऐकायला मिळते. आई बाळाला सर्दी-तापासाठी आणते. तपासताना लक्षात येते की बाळ अजून मान धरत नाही, मुठी घट्ट मिटलेल्या आहेत. मग जन्माची सगळी हकिगत बाहेर येते आणि शेवटी वडील विचारतात, ‘‘साहेब, यात दवाखान्याची चूक होती का? केस होईल का?’’

मी एमबीबीएस डॉक्टर आहे. प्रसूतितज्ज्ञ नाही आणि वकील तर नाहीच. पण फाईल कशी वाचायची हे सांगू शकतो. मेंदूला इजा झाली म्हणजे कोणाची तरी चूक झालीच, असे नसते. चूक झाली असली तरी त्याच चुकीमुळे इजा झाली हे वेगळे सिद्ध करावे लागते. या दोन्ही गोष्टींचा निकाल बहुतेक वेळा केसपेपरवर लिहिलेल्या वेळांवरून लागतो.

इजा कशी होते?

पोटातल्या बाळाला प्राणवायू आणि साखर वार व नाळेतून मिळते. वार बाळंतपणाआधीच सुटली, नाळ बाळाच्या आधी खाली घसरली, गर्भाशय फाटले किंवा बाळ तासन्‌तास अडकून राहिले, तर हा पुरवठा तुटतो. असे बाळ निळे-पांढरे, सैल जन्माला येते आणि स्वतःहून श्वास घेत नाही. पुढच्या काही तासांत ते सुस्त राहते, दूध ओढत नाही, झटके येतात. फाईलवर याला ‘एचआयई’ लिहितात. त्याच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या असतात. सौम्य पायरीतली बहुतेक बाळे पुढे चांगली वाढतात. तीव्र पायरीतली बरीच दगावतात किंवा त्यांना कायमचे अपंगत्व येते.

पण सेरेब्रल पाल्सी झालेल्या प्रत्येक बाळाचे कारण जन्माच्या त्या अर्ध्या तासात सापडत नाही. विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरने १८६२ मध्ये अवघड बाळंतपणाशी या आजाराचा संबंध जोडला. पुढे सिग्मंड फ्रॉइडने (होय, तोच, स्वप्नांवर लिहिणारा) १८९७ मध्ये उलट शंका काढली : अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटात आधीच बिघडलेल्या गोष्टीचे लक्षण तर नसेल? विकसित देशांतले नंतरचे अभ्यास बऱ्याच अंशी फ्रॉइडच्या बाजूने गेले. आपल्याकडे जन्मावेळी गुदमरण्याचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे ती टक्केवारी इथे तशीच लावता येत नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी बालमेंदुविकार तज्ज्ञाकडून कारण तपासून घ्यावे लागते, ते यासाठीच. आईच्या पोटातला जंतुसंसर्ग, जनुकीय दोष, मेंदूची मुळातली घडण यांचाही विचार करावा लागतो. पहिल्या आठवड्यातला एमआरआय असेल तर तो फार कामाला येतो, कारण इजेच्या ठशावरून तज्ज्ञाला तिचा प्रकार आणि साधारण काळ सांगता येतो.

जन्मानंतरच्या इजेकडे मात्र लोकांचे लक्षच जात नाही. कमी वजनाच्या बाळाची साखर घसरणे आणि वाढलेली कावीळ, या दोन गोष्टी मेंदू कायमचा बिघडवू शकतात आणि दोन्ही साध्या तपासणीत कळतात. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘साधी’ नसते. तिला ‘कोवळ्या उन्हात ठेवा’ एवढाच सल्ला देऊन घरी पाठवले असेल, तर माझ्या मते तो हलगर्जीपणा अनेक बाळंतपणांच्या वादांपेक्षा अधिक स्पष्ट असतो.

फाईलमध्ये काय पाहायचे?

पहिले म्हणजे बाळाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० हे साधारण ठीक. कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि आई जोर करू लागल्यावर दर पाच मिनिटांनी ते ऐकायला हवेत. केसपेपरवर रात्री अकरानंतर थेट पहाटे चारची नोंद असेल, तर मधल्या पाच तासांचे उत्तर रुग्णालयाला द्यावे लागते. पार्टोग्राफ हा आलेख भरला आहे का, हेही पाहा. गर्भजल हिरवे होते का आणि ते कधी दिसले? ‘बाळाने पोटात शी केली’ असे सांगितलेले नातेवाइकांना आठवते, पण वेळ कोणालाच आठवत नाही. ती कागदावर हवी.

दुसरे, कळा वाढवण्याचे इंजेक्शन. ऑक्सिटोसिन सलाइनमधून, मोजून, ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले तर ते उपयोगी औषध आहे. तेच दंडात किंवा कमरेत टोचले तर कळा एकामागून एक येतात, बाळाला दम घ्यायला वेळ मिळत नाही, गर्भाशय फाटूही शकते. रुग्णालयात पोचण्याआधी गावात कोणी ‘लवकर मोकळी व्हावी’ म्हणून असे इंजेक्शन दिले असेल, तर ते लपवू नका. बरीच घरे लपवतात, आणि मग दोष नको त्याच्या माथी जातो.

तिसरे, सिझेरियनचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आले. तातडीच्या सिझेरियनसाठी ३० मिनिटांचे माप सांगितले जाते, पण ती कायद्याने आखलेली रेघ नव्हे. भूलतज्ज्ञ बाहेरगावाहून येणार असेल तर उशीर होतोच. तिथे प्रश्न असा असतो की हे माहीत असताना आईला वेळेत पुढे का पाठवले नाही.

शेवटी, बाळासाठी काय केले. एक आणि पाच मिनिटांचा अपगार गुण, पिशवी-मास्कने श्वास कधी सुरू केला, नाळेच्या रक्ताची तपासणी केली का, साखर कधी तपासली, नवजात कक्षाकडे कधी पाठवले. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास देणे सुरू व्हावे लागते. ही पिशवी महाग नसते आणि ती चालवता येणारी व्यक्ती प्रत्येक प्रसूतीला हजर असणे अपेक्षित आहे.

‘मुंबईत बाळाला थंड करतात, आमच्याकडे केले नाही’ अशीही तक्रार येते. श्रीमंत देशांत अशा बाळाला सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत या उपचाराने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. त्यामुळे केवळ थंड केले नाही म्हणून हलगर्जीपणा ठरत नाही.

कायदा काय विचारतो?

डॉक्टरची जबाबदारी मोजण्याचा पाया एका मराठी माणसाच्या खटल्याने घातला. अपघातात पाय मोडलेल्या मुलाच्या मृत्यूनंतर वडील पुण्याच्या डॉक्टरविरुद्ध कोर्टात गेले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. काळजी वाजवी हवी, सर्वोत्तम नव्हे. तुलना मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाशी होत नाही. त्याच परिस्थितीत एखाद्या साधारण सक्षम डॉक्टरने काय केले असते, याच्याशी होते.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या ‘व्ही. पी. शांता’ निकालापासून ग्राहक कायद्यात येते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांत करायची असते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. आपल्या भागासाठी महत्त्वाचे म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथेही आता तक्रार करता येते. बाळंतपण सुरतेला झाले तरी तक्रार नंदुरबारला चालते.

सरकारी दवाखान्यात, जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत आहे, तिथे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय खुले आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणानंतर नसबंदी करताना एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शासनाला जबाबदार धरले आणि खालच्या कोर्टाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. मधली ३३ वर्षे लक्षात घ्या. दिवाणी दाव्यात मुदतीचा कायदा अज्ञान मुलाला सवलत देतो, पण तोवर कागद उरतीलच असे नाही : डॉक्टरने नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, त्यापुढे नाही.

म्हणून आधी कागद. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जानंतर ७२ तासांत नोंदींची प्रत मिळाली पाहिजे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला कागद नाकारता येणार नाहीत, असे म्हटले आहे. खाडाखोड किंवा गायब पाने रुग्णालयाच्याच अंगाशी येऊ शकतात.

पोलिसांत धाव घेणारे बरेच असतात. फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचे स्वतंत्र मत हवे, असे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने सांगितले. शिवाय फौजदारी खटल्यातून बाळाच्या फिजिओथेरपीचा खर्च निघत नाही. काचा फोडून तर काहीच निघत नाही, २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली आपणच आरोपी होतो.

भरपाईत उपचार, पुढची काळजी आणि पालकांचा मनस्ताप हे सगळे धरता येते. दिल्लीत चुकीच्या इंजेक्शनने मेंदू निकामी झालेल्या एका लहान मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मूल आणि आई-वडील हे दोघेही ग्राहक मानले. मुलाला १२.५ लाख आणि पालकांना वेगळे ५ लाख रुपये मंजूर झाले.

निकालाची वाट पाहत थांबू नका

पहिली दोन-तीन वर्षे मेंदू नवे वळण घेऊ शकतो आणि खटला त्याहून लांब चालतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (तो २०१३ मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला) जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. फिजिओथेरपी, कान-डोळ्यांची तपासणी आणि बोलण्याचे उपचार तिथे मोफत असतात. आशाताई किंवा अंगणवाडी ताईंकडून चिठ्ठी घेऊन जा. सेरेब्रल पाल्सीचे निदान झाल्यावर दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढा. त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा मिळतो.

गेल्या पावसाळ्यात एक वडील आले. त्यांच्याकडे कागद म्हणून फक्त डिस्चार्ज कार्ड होते, तेही भिजून अर्धे पुसलेले. बाळ दीड वर्षाचे होते. आम्ही त्याच दुपारी बसून रुग्णालयाला अर्ज लिहिला, तारीख घातली आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. फिजिओथेरपीची चिठ्ठी मी त्याच्याही आधी लिहून दिली होती.