वेळ, जागा आणि सोबती

संगीताचा इतिहास आपण बहुतेक वेळा दरबार, घराणी आणि मोठे महोत्सव यांच्या आधाराने लिहितो. कोणत्या राजाने कोणत्या उस्तादाला आश्रय दिला, कोण कुठे गाजले, एवढेच पुस्तकात येते. पण गाणे-बजावणे रोजच्या रोज जिथे जिवंत राहिले त्या जागा लहानच होत्या. दर्ग्याचे अंगण, गल्लीचे तोंड, कारागिराच्या दुकानामागची खोली. मागच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी सांगली-मिरज भागात अशा तीन जागी जाऊन बसलो. तिकीट कुठेच नव्हते. सर्वांत मोठ्या गर्दीतही दीडशेच्या वर माणूस नसेल.

हजरत जुनैद बगदादी यांचे इ.स. 910 मध्ये निधन झाले. त्यांचे एक म्हणणे पुढे इमाम गझालींनी नोंदवून ठेवले आहे. समा ऐकायचा तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. गाणारा किती मोठा, हे त्या यादीत नाही. त्या दोन दिवसांत ही यादी मला पुन्हा पुन्हा आठवत होती.

पहिली जागा होती बँडवाल्यांची. शनिवारी संध्याकाळी एका गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर आणि समोरच्या मोकळ्या जागेत अकरा वादकांची तालीम चालली होती. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साईड ड्रम आणि हातगाडीवर ठेवलेला कॅसिओ. लग्नसराई तोंडावर आलेली. आसपासच्या घरांतल्या बायका उंबऱ्यात आणि पोरे कठड्यावर बसून ऐकत होती.

हे वाद्यमेळ इंग्रजी पलटणींबरोबर आपल्याकडे आले. कवायतीसाठी आणि साहेबांच्या समारंभांसाठी ते वाजत. संस्थानिकांनी ते पाहून आपापले बँड उभे केले आणि हळूहळू ती पितळी वाद्ये लग्नाच्या वरातीत आली. ज्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या सनई, ढोल, ताशा वाजवण्याचे काम होते त्यांतल्या अनेकांनी हे नवे वाद्य हाती घेतले. हिंदूही आले, मुसलमानही आले. आजही एकच बँड सकाळी हळदीला वाजतो, संध्याकाळी वरातीत आणि उरूस असला की संदलच्या मिरवणुकीत. सुपारी देणाऱ्याचा धर्म कोणता, हे बँडवाला विचारत नाही. त्याला फक्त तारीख आणि चाल विचारायची असते.

पण या कामाला मान नाही. एका वर्षी शाळेच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात एका मुलाने ‘मजुरी’ लिहिले होते. त्याचे वडील पंचवीस वर्षे क्लॅरिनेट वाजवतात, हे मला माहीत होते. विचारल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, “सर, बाजा बजाते बोलके लिखे तो पोरं हसतात.” मजुरी लिहिण्यात लाज नव्हती, कला लिहिण्यात होती. हा एकट्या मुलाचा प्रश्न नाही.

दुसरी जागा होती एका लहानशा दर्ग्याचे अंगण. रात्री इशाच्या नमाजनंतर कव्वाली सुरू झाली. दोन हार्मोनियम, तबला, ढोलक आणि टाळ्या देणारे चौघे. कव्वाल जवळच्याच तालुक्यातले. दिवसा त्यांच्यातला एक जण रिक्षा चालवतो आणि एकाचे पंक्चरचे दुकान आहे.

समाची ही परंपरा दख्खनमध्ये नवी नाही. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे खलिफा शेख बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले. 1337 मध्ये त्यांचे निधन झाले आणि खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. समाची त्यांना इतकी ओढ होती की त्यांच्या अनुयायांच्या तल्लीन होऊन डोलण्याच्या रीतीला ‘बुऱ्हानी’ असे नावच पडले. म्हणजे आपल्या मराठी मुलुखात समा बसतो आहे त्याला जवळपास सातशे वर्षे झाली. पुढे मुंबईत त्याला वेगळे वळण लागले. 1958 च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातील इस्माईल आझाद यांच्या कव्वालीने ती चाल घराघरांत पोचवली. शकीला बानो भोपाली यांनी मंचावर स्त्री कव्वालाची जागा मिळवली. मग गावोगावच्या उरुसाच्या पोस्टरवर ‘जंगी मुकाबला’ हे शब्द आले. तमाशातल्या सवाल-जवाबाला सरावलेल्या आपल्या लोकांना तो मुकाबला परका वाटला नाही.

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील. खुद्द चिश्ती बुजुर्गांनीही समाला अटी घातल्या होत्या. कोण गातो, कोण ऐकतो, काय गायले जाते आणि कोणते वाद्य वाजते, हे सारे ते तपासत. हा वाद मी इथे सोडवणार नाही. कोणाला ऐकायचे नसेल तर त्याने ऐकू नये. पण जे घडले ते घडलेच नाही, असे म्हणता येत नाही.

तिसरी जागा मिरजेची. सतार-तंबोऱ्याच्या एका कारखान्यामागच्या खोलीत रविवारी दुपारी बैठक होती. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा झाडून सतरंजी अंथरलेली. पंचवीस-तीस माणसे. एक तरुण मुलगी गायली आणि तिला तंबोरा लावून दिला तो बनवणाऱ्या चाचांनीच.

मिरजेच्या या धंद्याचा उगम शस्त्रांत आहे. सतारमेकर म्हणून ओळखली जाणारी घराणी मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारी. तलवारीला मागणी उरली नाही तेव्हा, साधारण 1850 च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. शेतकरी हिंदू असो वा मुसलमान, तो चांगल्या गोलाईचे फळ या कारागिरांसाठी राखून ठेवतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यार करणाऱ्या हातांनी सूर घडवावा, याहून चांगली गोष्ट इतिहासाच्या तासाला मी मुलांना काय सांगणार?

याच गावात उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. जन्म उत्तर प्रदेशातील कैरान्याचा, 1872 चा. किराणा घराण्याला ओळख मिळाली ती त्यांच्या गळ्यामुळे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करत होते, त्या कामात खाँसाहेबांचा कान आणि गळा त्यांच्या उपयोगी पडला. 1913 मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर खाँसाहेबांचा इंतकाल झाला. त्यांची कबर मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथे संगीत सभा होते आणि मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव हजारोंच्या गर्दीत होतो. त्याची एक मुळी मिरजेतल्या या आवारात आहे.

आता प्रश्न असा, की हा इतिहास कोणाचा? मराठी संगीताची गोष्ट सांगताना काही जण शिकलगार, कव्वाल, बँडवाले यांना गाळून टाकतात. आणि आपल्यातले शिकले-सवरलेले लोकही ‘हे आपल्या शरीफ घरांचे काम नव्हे’ म्हणून त्यांना दूर ठेवतात. दोन्हीकडून पुसली जातात ती तीच माणसे. त्यात डीजेने बँडच्या सुपाऱ्या कमी केल्या, मोबाईलने कव्वालीची रात्र घरी नेली आणि कारखान्यांत शिकाऊ मुले मिळेनाशी झाली. जागा एकदा मोडली की पुन्हा बसत नाही. कलाकार निदान दुसऱ्या गावी जाऊन गाईल, पण ऐकणारी सोबत नवी कुठून आणायची?

सरकारने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी शिक्षक आहे, मला माझ्या हातातले सुचते. यंदा आठवी-नववीच्या मुलांना मी प्रकल्प दिला आहे. आपल्या मोहल्ल्यात कोण वाजवतो, कोण गातो, कोण वाद्य बनवतो, तो कोणाकडे शिकला आणि पहिली कमाई कुठे झाली, हे विचारून लिहून आणायचे. अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. आतापर्यंत चौदा वह्या आल्या आहेत. त्यांतल्या नऊ वह्यांत तो माणूस मुलाच्या स्वतःच्या घरातला निघाला.

तुमच्याही मोहल्ल्यात एखादे अंगण, एखादी पायरी असेल. या शनिवारी तिथे काही वाजत असले तर उभ्याने ऐकून पुढे जाऊ नका. बसा, शेवटपर्यंत थांबा आणि उठताना ऐपतीप्रमाणे पैसे ठेवा. वाजवणाऱ्याचे नाव विचारा आणि घरी आल्यावर ते मुलांना सांगा.