विलास घोगरे : एक शाहीर आणि चौदा वर्षांचा माहितीपट

मुंबईतल्या झोपड्या पाडण्याच्या मोहिमेवर आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' हा माहितीपट केला. तो १९८५ साली पूर्ण झाला. त्यात एक शाहीर गातो. नाव विलास घोगरे, राहणार मुलुंडच्या झोपडपट्टीत. गीत स्वतः लिहायचे, चाल स्वतः लावायची आणि सभेत, मोर्चात, वस्तीत जाऊन गायचे, हा त्यांचा शिरस्ता. जन्माने दलित, विचाराने डावे, 'आव्हान नाट्य मंच' या पथकाचे शाहीर. कॅमेरा त्यांच्यासाठी आलेला नव्हता, तो बेघर होणाऱ्या माणसांसाठी आला होता. तरीही त्याच चित्रीकरणामुळे त्यांचा गाता चेहरा पुढच्या पिढीच्या हाती लागला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापून रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत आयुष्य संपवले. डोक्याला त्यांनी निळी पट्टी बांधली होती.

लाल झेंड्याखाली उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने शेवटच्या क्षणी निळा रंग का जवळ केला? पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे मूळ या प्रश्नात आहे. घोगऱ्यांना त्यांच्या पथकातून आधीच काढून टाकण्यात आले होते, हेही चित्रपट लपवत नाही. पटवर्धन स्वतः डाव्या चळवळीचे मित्र. तरीही त्यांनी आपल्याच बाजूच्या माणसांना विचारले की, जातीचे दुःख तुम्ही वर्गाच्या हिशेबात कुठे मांडले? आम्हाला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. एखाद्या कलावंतावर चित्रपट काढायचा म्हणजे त्याला हार घालायचा, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे.

काम चौदा वर्षे चालले. गोळीबारात मेलेल्यांची घरे, पोलिसांची बाजू, चौकशी आयोग, कोर्ट, दरवर्षीची आंबेडकर जयंती, सगळ्यांमागे कॅमेरा फिरत राहिला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता. हा दावा चित्रपट जागेवर जाऊन तपासतो आणि खोटा पाडतो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पुढे तो जामिनावर सुटला. आमच्या वाचकांना ही वाट नवी नाही. सुलेमान उस्मान बेकरीतला ९ जानेवारी १९९३ चा पोलीस गोळीबार आणि श्रीकृष्ण आयोगाच्या फेब्रुवारी १९९८ च्या अहवालाचे पुढे काय झाले, हे आपण पाहिले आहे. रमाबाई नगरच्या आयांचे बोलणे ऐकताना आम्हाला परकेपणा वाटला नाही तो म्हणूनच.

आणखीही एक नाते आहे. घोगरे ज्या शाहिरीचे वारस, तिच्यात अण्णा भाऊ साठे आहेत, वामनदादा कर्डक आहेत आणि आपले अमर शेखही आहेत. बार्शीच्या महबूब हुसेन पटेलांनी पहाडी आवाजात अवघा महाराष्ट्र जागवला. मुंबईच्या चाळींतल्या भीमगीतांनी तर कव्वालीचा बाज इतका आपलासा केला, की टाळी कुठल्या मोहल्ल्यातून आली आणि ढोलकी कुठल्या वस्तीतून, हे वेगळे काढता येत नाही. या परंपरेचे शब्द कधीतरी पुस्तकात छापले जातात. आवाज मात्र गाणाऱ्याबरोबर जातो. अमर शेखांना सभेत ऐकलेली पिढी ओसरत गेली, आणि त्यांची कवने कागदावर वाचताना तो दम जाणवतोच असे नाही.

पटवर्धनांच्या चित्रपटाने एवढे तरी केले, की घोगऱ्यांपाशी न थांबता तो नव्या गळ्यांपर्यंत गेला. २००२ च्या गुजरातमधील मुसलमानांच्या कत्तलीनंतर पुण्यात 'कबीर कला मंच' उभा राहिला होता. शीतल साठे ही त्यातली तरुण गायिका. तिचे गाणे, तिची आई, घरातले देव आणि मुलीचे विचार यांतली ओढाताण, हा चित्रपटातला सर्वात जिवंत भाग आहे. इथे शाहीर मेल्यावर त्याच्या आवाजाचे तुकडे शोधावे लागले नाहीत. कॅमेरा वेळेवर पोचला होता.

पण २०११ मध्ये चित्रपट पूर्ण झाला, तेव्हा हीच मुले नक्षलवादी ठरवली जाऊन भूमिगत झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत वस्तीतल्या लोकांनी तीन तासांहून मोठा हा चित्रपट पाहिला, तेव्हा पडद्यावर गाणारी शीतल कुठे आहे हे उघडपणे सांगता येत नव्हते. पुढे राज्य सरकारने याच चित्रपटाला पुरस्कार दिला, आणि पटवर्धनांनी ती रक्कम कबीर कला मंचाच्या बचावासाठी देऊन टाकली. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि तिचा नवरा सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला काही महिन्यांत जामीन मिळाला. सचिनला सुप्रीम कोर्टाकडून तो मिळायला जानेवारी २०१७ उजाडला.