उरलेल्या माणसांची मोजदाद : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे पुनर्कथन

जुनी कथा कुणी नव्याने सांगू लागले की ती मूळ कथेशी कितपत इमान राखते, हा प्रश्न चाहते आधी विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ती कथा पुन्हा सांगण्याची निकड नेमकी त्याच काळाला का भासली? ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन विज्ञानमालिकेची दोन रूपे शेजारी ठेवली, तर या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

ग्लेन लार्सन यांची मूळ मालिका एबीसी वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७८ रोजी सुरू झाली आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये संपली. बारा वसाहतींत राहणारी मानवजात ‘सायलॉन’ या यंत्रमानवांशी तह करायला जाते. तो तह सापळा ठरतो, वसाहती बेचिराख होतात आणि वाचलेली माणसे एका युद्धनौकेच्या आश्रयाने पृथ्वी नावाच्या दंतकथेच्या शोधात निघतात. पहिला भाग चालू असतानाच प्रसारण थांबवून कॅम्प डेव्हिड करारावरील स्वाक्षऱ्यांचा सोहळा दाखवण्यात आला. पडद्यावर तह म्हणजे विश्वासघात ठरत होता आणि वास्तवात सादात व बेगिन करारावर सह्या करीत होते. इतिहासाने देऊ केलेला हा ताण मालिकेला पेलवला नाही. सगळे जग नष्ट झाल्यावर तिची पात्रे त्याच भागात जुगाराच्या अड्ड्यावर रमतात. शोक करायला तिच्याजवळ उसंत नव्हती.

रोनाल्ड मूर यांनी हा जुना प्रारंभ-भाग पुन्हा पाहिला तो ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही महिन्यांनी. त्यांची नवी लघुमालिका ८ व ९ डिसेंबर २००३ रोजी साय-फाय वाहिनीवर आली. स्टारबक हे पात्र स्त्री झाले म्हणून जुने चाहते खवळले. अपोलोची मूळ भूमिका करणारे रिचर्ड हॅच यांनीही आरंभी विरोध केला. पुढे ते याच मालिकेत टॉम झॅरेक या बंडखोराच्या भूमिकेत उतरले. या गदारोळात खरा बदल काहीसा झाकला गेला. जुन्या मालिकेत सायलॉन परक्या जीवांनी घडवलेले होते. नव्या मालिकेत ते माणसाने घडवलेले आहेत, आणि काही तर हुबेहूब माणसासारखे दिसतात. शत्रूची वंशावळ आता आपल्याच घरात निघते.

या बदलाचे मोल कळते ते ‘३३’ या भागात. दर ३३ मिनिटांनी सायलॉन हल्ला करतात. पाच दिवसांहून अधिक काळ कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. हजाराहून अधिक प्रवासी असलेले एक जहाज शत्रूच्या ताब्यात गेल्याचा संशय येतो आणि आपलेच वैमानिक ते उद्ध्वस्त करतात. त्यात माणसे होती की नव्हती, हे मालिका निःसंदिग्धपणे सांगत नाही. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन यांच्या कक्षात फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला असतो. भागाच्या शेवटी एक मूल जन्मते, त्या आकड्यात एकाची भर घालतात आणि ४७,९७३ लिहितात. शोकाला इतके साधे आणि नेमके रूप दूरचित्रवाणीवर क्वचितच लाभले असेल. हा आकडा पुढे शीर्षकदृश्यातही येऊ लागला. भाग सुरू होण्याआधी कोण उरले आहे याचे स्मरण ठेवणे, हे प्रेक्षकाचे साप्ताहिक कर्तव्य झाले.

२००४ मध्ये अबू घरेब तुरुंगातील छायाचित्रे जगासमोर आली. २००५ मध्ये ‘फ्लेश अँड बोन’ आणि ‘पेगॅसस’ या भागांत सायलॉन कैद्यांचा छळ करणारी माणसे ‘आपली’ होती. परंतु मालिकेचे सर्वांत धाडसी पाऊल ६ ऑक्टोबर २००६ चे. त्या दिवशीच्या दोन भागांत सायलॉनांनी न्यू कॅप्रिका हा ग्रह व्यापला आहे, आणि मानवी प्रतिकाराचा सूत्रधार कर्नल टाय स्वतःच्याच लोकांकरवी आत्मघातकी स्फोट घडवून आणतो. लक्ष्य असते व्यापाऱ्यांच्या बाजूने उभे केलेले मानवी पोलीस दल. अमेरिकन सैन्य इराकमध्ये असताना अमेरिकन प्रेक्षकाची सहानुभूती व्याप्तांच्या बाजूला ठेवण्यात आली; तीही निर्धोक नाही, कारण मरणारेही माणसेच. मालिका हे भागाभागाने पाहिलेल्यांच्या प्रतिक्रियेला म्हणूनच ऐतिहासिक मोल आहे. हाच टाय स्वतः सायलॉन असल्याचे मार्च २००७ मध्ये उघड झाले. आज संपूर्ण मालिका सलग पाहणाऱ्याला हे बहुधा आधीच ठाऊक असते. त्या ऑक्टोबरात ते कुणालाच ठाऊक नव्हते. न समजता कुणाची तरी बाजू घ्यावी लागणे हाच तर त्या प्रेक्षकाचा अनुभव होता, आणि तो आता पुन्हा मिळणे अवघड आहे.

मार्च २००९ मधील अखेरच्या भागावर चाहत्यांत जे तट पडले ते मुख्यतः त्यातील ईश्वरी हस्तक्षेपावरून. माझा आक्षेप वेगळा आहे. चाळीस हजारांच्या आत उरलेली ही माणसे दीड लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पृथ्वीवर पोचतात, जहाजे सूर्याच्या दिशेने सोडून देतात आणि रानोमाळ पांगतात. ज्या समाजाने एकेका जिवाची नोंद ठेवली, तो स्वतःची एकही नोंद मागे ठेवत नाही. सारे पुन्हा घडणार असा ज्या कथेचा धोशा आहे, तिच्यात तरी विस्मरणाला मुक्ती मानणे मला पटत नाही. चक्र मोडायचे असेल तर आधी ते आठवावे लागते.

या विस्मरणाला छेद देणारी एक खूण मात्र मालिकेतच आहे, आणि ती मराठी कानांना चटकन ओळखू येते. अमेरिकेतील प्रसारणाच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र गायला आहे. या कथेतली माणसे ग्रीक नावांचे देव पूजतात, सायलॉन एकेश्वरवादी आहेत. ऋग्वेदातल्या या ऋचेला कथेत कुठेच आधार नाही. अमेरिकन प्रेक्षकासाठी तो बहुधा अनोळखी प्राचीनतेचा नाद असेल. मुंजीत कानात सांगितला जाणारा मंत्र जळत्या शहरांच्या दृश्यांलगत ऐकताना आपल्याला आधी खटकते. पण शेवट पाहिल्यावर त्याच उसनवारीला वेगळा अर्थ येतो: कथा सांगते की काहीच उरले नाही, आणि तिचे संगीत दर आठवड्याला सांगत राहते की उच्चार उरतो. या दोहोंत मी संगीतावर विश्वास ठेवतो.